एकजुटीचा हुतात्मा : विल्हेल्म लॉयश्नर



वर्गात दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास शिकवायला घेतला की दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी हात वर करतो आणि एकच शंका विचारतो. जर्मनी हा एवढा शिकलेला देश. तेथे मोठमोठी विद्यापीठे होती, शास्त्रज्ञ होते, कारखाने होते. मग हिटलर एवढा अन्याय करीत असताना त्या देशात त्याला नाही म्हणणारा एकही माणूस निघाला नाही काय? शंका रास्त आहे. पाठ्यपुस्तकाला पानांची मर्यादा असते, त्यामुळे तिचे उत्तर तेथे पुरेसे मिळत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर आपल्यापुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

नाही म्हणणारी माणसे होती. त्यांत धर्मोपदेशक होते, विद्यार्थी होते, लष्करातील अधिकारी होते आणि साधे कामगारही होते. कामगारांमधील अशा माणसांत ज्यांचे नाव आदराने सर्वप्रथम घेतले जाते, ते म्हणजे विल्हेल्म लॉयश्नर. हा माणूस हातात पटाशी घेऊन लाकडावर नक्षी कोरणारा कारागीर होता. पुढे तो एका राज्याचा गृहमंत्री झाला, तुरुंगात गेला, छळछावणीत गेला आणि अखेर फासावर चढला. त्याची कहाणी वाचताना आपण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लॉयश्नर हे कधी न चुकलेले पुरुष नव्हते. त्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची एक मोठी चूक झाली होती. ती चूक त्यांना उमगली, आणि तिची भरपाई करण्यासाठी त्यांनी आपले उरलेले आयुष्य वेचले. त्यांचा मोठेपणा यात आहे.

विल्हेल्म लॉयश्नर यांचा जन्म 15 जून 1890 रोजी जर्मनीच्या दक्षिण भागातील बायरॉइट या गावी झाला. वडील घरोघरी शेगड्या बसवण्याचे काम करीत. तो थंडीचा मुलुख, तेव्हा घरात शेगडी ही चैनीची वस्तू नसून गरजेची. पण ती बसवणाऱ्या कारागिराच्या घरी सुबत्ता नसते, हे सर्व देशांत सारखेच. प्राथमिक शाळेचे शिक्षण संपले तसे विल्हेल्म उमेदवारी करू लागले. लाकडावर कोरीव काम करण्याचा धंदा ते शिकले. 1907 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते आपल्या धंद्यातील कारागिरांच्या संघटनेचे सभासद झाले.

1908 साली ते डार्मश्टाट या शहरी आले. हेसन राज्याची ही राजधानी त्या काळी कलाकुसरीच्या वस्तूंसाठी आणि नव्या धर्तीच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध होती. त्याच वर्षी तेथे कलेचे एक मोठे प्रदर्शन भरले होते, त्यामुळे कोरीव काम करणाऱ्या हातांना मागणी होती. लॉयश्नर तेथेच स्थायिक झाले. त्यांनी संसार थाटला. एलिझाबेथ ही त्यांची पत्नी. एक मुलगा आणि एक मुलगी अशी त्यांना दोन अपत्ये झाली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करू या. प्राथमिक शाळेपलीकडे न गेलेला हा मुलगा पुढे मंत्री कसा झाला? त्याला शिकवले कोणी? तर बऱ्याच अंशी कामगार संघटनेने. त्या काळच्या जर्मनीत कामगार संघटना म्हणजे केवळ पगारवाढ मागणारी मंडळी नव्हे. संघटनांची वाचनालये असत, व्याख्याने होत, संध्याकाळचे वर्ग चालत. दिवसभर कारखान्यात राबून आलेला कामगार तेथे हिशेब ठेवणे, सभा चालवणे, ठराव लिहिणे, कायदा वाचणे शिकत असे. अशी किती तरी माणसे या रात्रशाळेतून तयार झाली. लॉयश्नर हे त्यांपैकीच एक. 1913 साली ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे सभासद झाले.

पहिल्या महायुद्धात 1916 ते 1918 पर्यंत त्यांना सैन्यात जावे लागले. युद्ध संपले, बादशहा गेला आणि जर्मनी प्रजासत्ताक झाला. युद्धावरून परतलेल्या लॉयश्नर यांच्याकडे डार्मश्टाटमधील कामगार संघटनांचे नेतृत्व आले. 1919 साली ते नगरसेवक झाले, 1924 साली हेसन राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले आणि 1928 साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्या राज्याचे गृहमंत्री झाले. पोलीस खाते त्यांच्या हाताखाली आले.

पण काळ कठीण येत होता. 1929 साली जगभर मंदीची लाट उसळली. जर्मनीत 1932 सालाच्या प्रारंभी बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. घरी चूल पेटत नाही तेव्हा माणूस कोणाच्याही आश्वासनावर विश्वास ठेवतो. हिटलरच्या नाझी पक्षाने याचा पुरेपूर लाभ उठवला. सर्व संकटांचे खापर त्याने ज्यू लोकांवर, कामगार पुढाऱ्यांवर आणि लोकशाहीवर फोडले. 1928 साली जर्मन लोकसभेत ज्या पक्षाचे फक्त 12 सभासद होते, त्याचे 1930 साली 107 झाले आणि जुलै 1932 मध्ये 230 झाले.

हे संकट लॉयश्नर यांनी वेळीच ओळखले होते. नोव्हेंबर 1931 मध्ये नाझी पक्षातून बाहेर पडलेल्या एका माणसाने काही गुप्त कागद पोलिसांच्या हाती दिले. बॉक्सहाइम नावाच्या एका शेतवाडीवर नाझी पुढाऱ्यांच्या बैठका होत. तेथे वेर्नर बेस्ट या तरुण न्यायाधीशाने सत्ता हाती घेतल्यावर काय करायचे, याचा मसुदा तयार केला होता. हुकूम मोडणाऱ्याला मृत्युदंड, अन्नधान्यावर पूर्ण ताबा, अशा गोष्टी त्यात स्वच्छ लिहिलेल्या होत्या. लॉयश्नर आणि त्यांचे तरुण सहकारी कार्लो मीरेनडॉर्फ यांनी हे कागद देशापुढे उघड केले. वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. परंतु वरच्या न्यायालयाने प्रकरण रेंगाळत ठेवले आणि ऑक्टोबर 1932 मध्ये ते काढून टाकले. नाझी लोकांनी मात्र लॉयश्नर हे नाव आपल्या वहीत पक्के लिहून ठेवले. ज्या बेस्टने तो मसुदा लिहिला, तोच पुढे हिटलरच्या गुप्त पोलीस खात्यात मोठ्या पदावर चढला!

आता ती चूक कोणती, ते पाहू. जर्मनीत कामगारांची संख्या प्रचंड होती, परंतु त्यांची घरे वेगळाली होती. समाजवादी विचारांच्या संघटना एकीकडे, ख्रिस्ती संघटना दुसरीकडे, उदारमतवादी संघटना तिसरीकडे. एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर काम करणारे दोन शेजारी दोन वेगळ्या संघटनांची वर्गणी भरत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत. राजकारणात तर याहून वाईट स्थिती होती. सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट हे दोन्ही पक्ष कामगारांचे, पण ते एकमेकांना शत्रू समजत. आकडेच पाहा. नोव्हेंबर 1932 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला 196 जागा मिळाल्या. सोशल डेमोक्रॅट पक्षाला 121 आणि कम्युनिस्टांना 100. या दोघांची बेरीज 221 होते. कागदावर ही बेरीज पहिल्या इयत्तेतील मुलगाही करील; पण सभागृहात ती कधी झाली नाही. 30 जानेवारी 1933 रोजी हिटलर जर्मनीचा पंतप्रधान झाला.

त्याच महिन्यात लॉयश्नर समाजवादी कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळावर आले होते. मार्चमध्ये नाझींनी हेसनचे सरकार ताब्यात घेतले आणि त्यांचे मंत्रिपद गेले. एप्रिलच्या अखेरीस तिन्ही प्रकारच्या संघटनांचे पुढारी एकदाचे एकत्र बसले आणि त्यांनी ऐक्याच्या करारावर सह्या केल्या. लॉयश्नर त्यांत होते. पण फार उशीर झाला होता. शिवाय सरकारशी जुळवून घेतले तर संघटना तरी वाचेल, अशी भोळी आशा मध्यवर्ती नेतृत्वाने धरली होती. हिटलरने 1 मे हा दिवस राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला, तेव्हा कामगारांनी त्यात भाग घ्यावा असे या नेतृत्वानेच सांगितले. कामगार मिरवणुकीत चालले. दुसऱ्या दिवशी, 2 मे 1933 रोजी, सकाळी नाझी टोळ्यांनी देशभरातील संघटनांच्या कचेऱ्या, छापखाने आणि पैसा यांवर कबजा केला आणि पुढाऱ्यांना पकडून नेले. लॉयश्नर यांनाही अटक झाली. अनेक दशकांच्या कष्टांनी उभारलेले घर एका सकाळीत गेले.

आता त्यांच्या आयुष्यातील तो प्रसंग येतो, जो सांगण्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची परिषद दरवर्षी भरते. या संघटनेची रचना विशेष आहे. प्रत्येक देशातून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे प्रतिनिधी येतात. कामगारांचा प्रतिनिधी हा खरोखरच कामगारांचा असला पाहिजे, असा तेथील नियम. जून 1933 च्या परिषदेला नाझींतर्फे रॉबर्ट लाय हा पुढारी जाणार होता. त्याने कामगार संघटना मोडून काढल्या होत्या आणि त्यांच्या जागी नाझी पक्षाची स्वतःची कामगार आघाडी उभी केली होती. पण परदेशांतील कामगार पुढारी त्याला ओळखत नव्हते. लॉयश्नर यांना मात्र ते ओळखत होते. तेव्हा लॉयश्नर यांना तुरुंगातून सोडून जिनिव्हाला न्यायचे, आणि जर्मन कामगार नव्या व्यवस्थेवर खूश आहेत असे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचे, असा बेत शिजला.

वाचकहो, लॉयश्नर यांच्या जागी आपण आहोत अशी कल्पना करा. दोन गोड वाक्ये बोलली तर सुटका, कदाचित एखादे पदही. न बोलले तर परत आल्यावर काय होणार, हे सांगायला नको. पत्नी आणि मुले जर्मनीतच. लॉयश्नर जिनिव्हाला गेले, आणि गप्प राहिले. लाय याच्या बाजूने त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही. खाजगी भेटींत आपल्या जुन्या परदेशी स्नेह्यांना त्यांनी देशातील खरी स्थिती सांगितली. पण जाहीर सभेत त्यांचे मौन हेच त्यांचे भाषण ठरले. जमलेल्या कामगार प्रतिनिधींना जे समजायचे ते समजले. त्यांनी लाय याला आपला मानण्यास नकार दिला. त्यातच लाय याने दक्षिण अमेरिकेतील देशांच्या प्रतिनिधींविषयी अपमानकारक उद्गार काढून स्वतःची अब्रू घालवली. जर्मन शिष्टमंडळाला परिषद अर्धवट सोडून निघावे लागले.

लॉयश्नर यांना परदेशात राहता आले असते. आश्रय देणारे मित्र होते. परंतु ते परत फिरले. सरहद्द ओलांडल्यावर फ्रायबुर्ग येथे त्यांना पकडण्यात आले. त्यानंतर सुमारे एक वर्ष त्यांनी तुरुंगात आणि छळछावण्यांत काढले. प्रथम उत्तरेकडील दलदलीच्या प्रदेशातील ब्योर्गरमोर येथे, नंतर लिश्टेनबुर्ग येथे. जो कालपर्यंत एका राज्याचा गृहमंत्री होता, तो आता कैदी म्हणून मजुरी करीत होता. जून 1934 मध्ये त्यांची सुटका झाली.

एवढे सोसल्यावर कोणी घरी स्वस्थ बसला असता तर त्याला दोष देता आला नसता. लॉयश्नर स्वस्थ बसले नाहीत. बर्लिनमध्ये त्यांनी एक छोटा कारखाना हाती घेतला. बिअरच्या पिंपांना लागणाऱ्या तोट्या आणि धातूचे इतर सुटे भाग तेथे तयार होत. गुप्त पोलिसांच्या दृष्टीने लॉयश्नर आता एक लहानसे कारखानदार झाले होते. वस्तुतः हा कारखाना म्हणजे फुटलेल्या संघटनेचे छुपे मुख्य कार्यालयच होते. जुने कार्यकर्ते तेथे कामाला असत. धंद्याच्या निमित्ताने गावोगाव फिरता येई, गिऱ्हाईक म्हणून भेटता येई, निरोप पोहोचवता येत. सभा नाही, पत्रक नाही, झेंडा नाही. कोणत्या गावात कोणावर भरवसा ठेवता येईल, एवढीच माहिती धीराने गोळा करायची. असे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले.

या काळात त्यांच्या जवळ आलेली दोन माणसे विशेष लक्षात ठेवावीत. एक याकोब कायझर. हे कॅथलिक पंथाचे आणि ख्रिस्ती कामगार संघटनांचे पुढारी. दुसरे माक्स हाबरमान. हे कचेऱ्यांतील नोकरदारांच्या राष्ट्रवादी विचारांच्या संघटनेचे पुढारी. 1933 पूर्वी हे तिघे तीन तटांवर उभे होते. धर्म, राजकारण, धंदा, कशातच त्यांचे जमत नव्हते. आता ते तिघे बसून एकच योजना आखू लागले. हिटलर गेल्यावर जर्मनीत कामगारांची एकच संघटना असावी. तिच्यात समाजवादी, ख्रिस्ती, उदारमतवादी सर्वांनी एकत्र असावे. आणि ती कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधलेली नसावी. आपापली मते कोणी सोडली नाहीत. लॉयश्नर समाजवादीच राहिले, कायझर कॅथलिकच राहिले. पण आपले मत राखूनही दुसऱ्याच्या शेजारी बसता येते, हे ते तिघे शिकले. यासाठी त्यांना किती किंमत मोजावी लागली होती, हे आपण वर पाहिलेच.

युद्ध जवळ येत चालले. ऑगस्ट 1939 मध्ये, युद्ध सुरू होण्याच्या थोडे दिवस आधी, लॉयश्नर यांनी आपल्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात देशाची अवस्था एका मोठ्या तुरुंगासारखी झाल्याचे कळवले. शस्त्रधारी पहारेकऱ्यांवर रिकाम्या हातांनी धावून जाणे म्हणजे आत्मघात, असा त्याचा आशय होता. शस्त्रे सैन्याजवळ होती. म्हणून कामगारांना सैन्यातील हिटलरविरोधी अधिकाऱ्यांशी हातमिळवणी करावी लागणार, हे त्यांनी ओळखले. लष्कराच्या जनरल स्टाफचे माजी प्रमुख लुडविग बेक आणि लाइपझिग शहराचे माजी महापौर कार्ल गेर्डेलर यांच्याशी त्यांचा संबंध आला. गेर्डेलर जुन्या वळणाचे. त्यांचे आणि लॉयश्नर यांचे अनेक बाबतींत मतभेद होते. तरी हिटलरनंतरच्या सरकारात गेर्डेलर पंतप्रधान आणि लॉयश्नर उपपंतप्रधान अशी योजना ठरली.

20 जुलै 1944 रोजी कर्नल श्टाउफेनबेर्ग यांनी पूर्व प्रशियातील हिटलरच्या मुख्य ठाण्यात बाँब ठेवला. बाँब फुटला, पण हिटलर वाचला. त्याच रात्री कटवाल्यांना गोळ्या घालण्यास प्रारंभ झाला. पुढे महिनोन् महिने धरपकड चालली. लॉयश्नर बर्लिनमध्ये लपून राहिले. पोलिसांनी त्यांच्या पत्नीला पकडले. अखेर कोणीतरी चहाडी केली आणि 16 ऑगस्ट रोजी ते सापडले. सप्टेंबरच्या 7 आणि 8 तारखेला रोलांट फ्रायस्लर या न्यायाधीशापुढे गेर्डेलर आणि इतरांबरोबर त्यांची चौकशी झाली. त्या न्यायालयात न्याय नावापुरताच होता. फाशीची शिक्षा झाली. 29 सप्टेंबर 1944 रोजी बर्लिनच्या प्ल्योत्सेन्से तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय चौपन्न वर्षांचे होते.

मरणापूर्वी त्यांनी मागे राहणाऱ्यांना जो निरोप दिला, त्यात सूडाची भाषा नव्हती. ऐक्य निर्माण करा, एवढेच त्यांचे सांगणे होते. हाबरमान यांचाही त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर कैदेत अंत झाला. कायझर एका तळघरात लपून वाचले आणि पुढे पश्चिम जर्मनीच्या मंत्रिमंडळात गेले. ऑक्टोबर 1949 मध्ये म्युनिक येथे पश्चिम जर्मनीतील सोळा कामगार संघटनांचा एकच महासंघ स्थापन झाला आणि हान्स ब्योक्लर त्याचे अध्यक्ष झाले. त्यात समाजवादी आणि ख्रिस्ती कामगार एकाच छत्राखाली आले. लॉयश्नर यांनी तोट्यांच्या कारखान्यात बसून रेखाटलेला नकाशा त्यांच्या पश्चात असा प्रत्यक्षात आला. हेसन राज्याने 1964 साली त्यांच्या नावाने एक पदक सुरू केले. ते त्या राज्याचे सर्वोच्च मानचिन्ह आहे. लाइपझिग शहरातील एका मोठ्या चौकालाही त्यांचे नाव दिलेले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपण सारेच काही फासावर चढणार नाही, आणि तशी वेळ कोणावर न येवो. पण दोन प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यात येतात. पहिला म्हणजे, खोट्याच्या बाजूने दोन शब्द बोललो तर आपला फायदा होणार असतो. अशा वेळी मोठे भाषण करण्याचे धैर्य आपल्यात नसेलही; निदान गप्प बसून त्या खोट्याला साक्ष न देण्याचे धैर्य तरी असावे. जिनिव्हाच्या सभागृहात लॉयश्नर यांनी तेवढेच केले होते.

दुसरा प्रसंग आपणा पालकांपुढे अधिक येतो. आपण चार माणसे चार बाजूंना तोंडे करून बसतो. हा त्या गटाचा, तो या गटाचा. हा अमक्या मोहल्ल्याचा, तो तमक्या गावचा. शाळेची इमारत असो की मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न, आपली बेरीज होत नाही. मतभेद मिटल्यावर एकत्र येऊ असे आपण म्हणतो. लॉयश्नर, कायझर आणि हाबरमान यांचे मतभेद शेवटपर्यंत मिटले नव्हते. ते मतभेदांसह एकत्र आले. फक्त त्यांना ही अक्कल कचेरीला कुलूप लागल्यावर आली. आपल्याला ती कुलूप लागण्यापूर्वी यावी, एवढ्याचसाठी दूरदेशीच्या या कारागिराची कहाणी आपल्यापुढे ठेवली.